वृद्धाश्रमातला बांध

मी वृद्धाश्रमात काम करते असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा लगेच बदलतो. मान एका बाजूला कलते, आवाज बारीक होतो आणि "केवढं पुण्याचं काम करता हो तुम्ही" हे वाक्य येतं. लग्नात, एसटी स्टँडवर, दवाखान्यात, जिथे जावं तिथे तेच. पूर्वी मी हसून मान डोलवायची. आता सरळ सांगते, की पुण्याबिण्याचं मला काही ठाऊक नाही, माझा निम्मा दिवस भांडणं ऐकण्यात जातो आणि ज्या दिवशी भांडण कानावर येत नाही त्या दिवशी मला धास्ती वाटते. मग समोरचा माणूस विषय बदलतो. वेडी आहे का काय ही, असं त्याच्या मनात येत असणार. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर सांगूनच टाकावं.

मी मूळची सांगलीची. नर्सिंग शिकले, मिरजेत कितीतरी वर्षं दवाखान्यांतले वॉर्ड सांभाळले आणि मुलं मार्गी लागल्यावर लोणंद-फलटण रस्त्यापासून जरा आत असलेल्या या वृद्धाश्रमात अधीक्षक म्हणून आले. आजूबाजूला ऊस, पाठीमागे बोडकी टेकडी आणि मधे आमच्या दोन बैठ्या इमारती. इथे येणारी माणसं बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची, नाहीतर फौजेतून परत आलेली. मुलं पुण्याला, बंगळूरला, कुणाची परदेशात. ती मुलं वाईट असतात असं मुळीच नाही. येतात, भेटतात, जाताना केळी आणि बिस्किटांचे पुडे ठेवून जातात. आमच्याकडे बिस्किटांना कधी तोटा पडत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, वृद्धाश्रम चालवायचा म्हणजे जेवण, गोळ्या आणि अंघोळ. तेवढं आम्ही चोख करतो. सकाळी रक्तदाब आणि साखर बघायची, अंघोळी घालायच्या, नाश्ता द्यायचा. पडू नयेत म्हणून हात धरायचा, दमू नयेत म्हणून ताट जागेवर न्यायचं. "आजोबा, तुम्ही बसा", "आजी, राहू द्या" हे आमच्या मुलींच्या तोंडात इतकं बसलेलं, की एखाद्या आजींनी स्वतःचा पेला विसळायला घेतला तरी दोघीतिघी धावत सुटायच्या. यात माया असते, नाही असं नाही. पण भीती जास्त असते. माणूस पडला, खुब्याचं हाड मोडलं, की नातेवाईक आमच्या अंगावर येतात. त्यामुळे जो खुर्चीतून उठतच नाही तो म्हातारा सगळ्यांना सोयीचा. आणि जन्मभर पहाटे उठून उसाला पाणी दिलेल्या माणसाला असं खुर्चीत बसवून ठेवलं की काय होतं, ते मी रोज बघत होते. आधी जेवण कमी होतं, मग बोलणं कमी होतं आणि एक दिवस तो भिंतीकडे तोंड करून निजायला लागतो. रक्ताचे रिपोर्ट मात्र सगळे नीट असतात.

तात्यांचं तेच झालं होतं. तात्या कोरेगावकडचे. चांगली बागायत केलेली, दोन्ही मुलं इंजिनीअर झालेली. बायको गेली, मग एकदा न्हाणीत पाय घसरून पडले, तेव्हा मुलांनी जमीन वाट्यानं लावून दिली आणि वडिलांना आमच्याकडे आणून सोडलं. माणूस रुळला की नाही ते मी त्याच्या बॅगेवरून ओळखते. रुळलेल्या माणसाचे कपडे कपाटात जातात. तात्यांची बॅग कॉटखाली चेन लावलेली तशीच. सदरा काढायचा, धुऊन आला की परत बॅगेत ठेवायचा. भाकरी अर्धी, बोलणं अजिबात नाही, तोंड भिंतीकडे. मुलाचा फोन आला की म्हणायचे, "बरं हाय." मला त्या दोन शब्दांनी फार वाईट वाटायचं, कारण ते खोटं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं.

त्या सुमारास आमच्याकडे बागकामाचं खूळ आलं. इमारतीच्या मागे पडीक जागा होती. कुठल्याशा शिबिरात कुणीतरी सांगितलं, की म्हाताऱ्यांना बागेत रमवावं. झालं, पाटी लागली, "आपली बाग". मंगळवारी आणि शुक्रवारी चारच्या चहानंतर सगळ्यांना तिथे न्यायचं. हातात झारी द्यायची, फोटो काढायचा, झारी परत घ्यायची. चार दिवसांत बाग वाळली आणि पाटी तेवढी उरली. तात्यांना मी एकदा बळेच घेऊन गेले. ते खाली वाकले, मातीचं ढेकूळ उचललं, बोटांनी फोडून बघितलं आणि मला विचारलं, "ही जमीन कुणाची म्हणायची?"

मी म्हटलं, "सगळ्यांची, तात्या."

"मग कुणाचीच न्हाई की," असं म्हणून त्यांनी हात झटकले आणि खोलीवर निघून गेले. महिनोन् महिने गप्प असलेला माणूस तेवढं बोलला.

हे बोलणं बायजाक्कानं ऐकलं. बायजाक्का आमच्यातली सगळ्यात म्हातारी. माण तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरची. जन्म सगळा मेंढरांमागं चालण्यात गेलेला, त्यामुळे पाय अजून माझ्यापेक्षा चांगले. जिभेला हाड नाही. मला ती "पोरी" म्हणते आणि मी साठीला टेकले आहे. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, की ती मागची जमीन वाटून दे. ज्याची त्याची वेगळी. मी समजूत घालू लागले, की आक्का, जागा संस्थेची आहे, असं वाटप कसं करता येईल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमाला जनमभर कुणी बांधाच्या आत पाय टाकू दिला न्हाई," ती म्हणाली. "मरायच्या आदी मला बी एक वाटा पायजे. बांध घातलेला."

मी हो म्हटलं. म्हटलं, वाळलेल्या बागेपेक्षा वाईट काय होणार आहे.

वाटणीचा दिवस माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. काय ती गर्दी! ज्यांना अंथरुणातून उठवायला दोन मुली लागायच्या तेसुद्धा काठी टेकत खाली आले होते. कुणी दोरी धरली, कुणी चुन्याची फक्की मारली, कुणी "सरळ घ्या, सरळ घ्या" म्हणून ओरडत होतं. वाटे तात्यांनी पाडले. वाटे पाडणाऱ्यानं शेवटी उचलायचं, असा आपल्याकडचा रिवाज, त्याप्रमाणे कडेचा खडकाळ वाफा त्यांच्या वाट्याला आला. तक्रार नाही. लगेच खाली बसून दगड वेचायला लागले. प्रत्येकाचा वाफा अंथरुणाएवढाच असेल, पण चारी बाजूंनी मातीचा बांध आणि कोपऱ्यांत हद्दीच्या खुंट्या. मग सगळ्यांनी तिथेच बसून नियम केले. बांधावर कुणी काही लावायचं नाही. दुसऱ्याच्या वाफ्यात न विचारता हात घालायचा नाही, आश्रमाच्या स्वयंपाकघरानंसुद्धा नाही. आणि वाफा रिकामा झाला तर जो नवीन माणूस येईल त्याला तो मिळेल. हा शेवटचा नियम तात्यांनी सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितला होता. नंतर तो त्यांच्याच अंगाशी आला.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत मला माझा आश्रम ओळखू येईना. पहाटे दारं वाजायला लागली. स्वयंपाकीणबाई मिरच्या हव्यात म्हणून म्हाताऱ्यांच्या विनवण्या करायला लागली आणि मिरचीवाले गुरुजी तिला "बघू, उद्या या" म्हणून परत पाठवायला लागले. आमच्याकडे लोक वाढदिवस करायला येतात, केक कापतात, म्हाताऱ्यांना जेवू घालतात. म्हाताऱ्यांनी ओळीत बसून टाळ्या वाजवायच्या, अशी पद्धत. एकदा पुण्याहून एक श्रीमंत कुटुंब आलं होतं. ती मंडळी निघाली तर बायजाक्का गाडीला आडवी. पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं म्हणून तिनं प्रत्येकाच्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली. त्या बाई जुडी हातात धरून बघतच राहिल्या. आजवर त्या इथे फक्त द्यायला आल्या होत्या, घेऊन जायची त्यांना सवय नव्हती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि तात्यांची बॅग मी एक दिवस रिकामी बघितली. मेथीचं बी ठेवायला कोरडी जागा हवी म्हणून ती मोकळी करून कपडे कपाटात टाकले होते.

असं सगळं छान चाललं असताना हवालदार आबा आले.

गुरुजी मुलीकडे राहायला गेले होते आणि त्यांची कॉट रिकामी होती. आबांना त्यांच्या पुतण्यानं आणलं. फौजेतले, अजून ताठ, मिशी पांढरीशुभ्र. गाडीतून उतरले आणि वाफ्यात खुरपं घेऊन बसलेले तात्या उभे राहिले. मग एरवीसारखा भिंतीचा आधार न घेता तरातरा माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, की तो आत आला तर मी बाहेर चाललो. मी विचारलं, तो म्हणजे कोण? तर सख्खा चुलतभाऊ.

दोघांच्या शेताला शेत लागून. मधला बांध. त्या बांधावरून दोघांची सगळी हयात कोर्टात गेलेली. बांध कोरणं म्हणजे काय ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. नांगरट करताना दरवर्षी बांधाची एकेक कड शेजारी आपल्यात ओढत जातो आणि मग रामायण सुरू होतं. आबांचं म्हणणं, "मी तिकडं देशाची बॉर्डर राखत हुतो आन इकडं ह्यानं माझी हद्द खाल्ली." तात्यांचं म्हणणं, हा सुट्टीवर आला की आधी बांधावर यायचा आणि मग आईच्या पाया पडायचा. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नात, मयतीत, कुठेच नाही. बोलायचंच झालं तर तिसऱ्याला सांगायचं, "त्याला सांगा."

मी दोघांना समोरासमोर खुर्च्या टाकून चहा दिला. त्यांनी खुर्च्या फिरवल्या आणि पाठीला पाठ लावून चहा संपवला. वर दुसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, की रिकामा वाफा नवीन माणसाला मिळतो म्हणतात ते खरं का. गुरुजींचा मिरचीचा वाफा रिकामा झाला होता आणि तो नेमका तात्यांच्या शेजारचा. तात्यांनी सगळ्यांकडे बघितलं, सगळ्यांनी तात्यांकडे. नियम त्यांनीच केला होता. वाफा आबांना मिळाला.

मग काय विचारता! रोज सकाळी बांधावर उभं राहून पंचनामा. "मॅडम, त्याला सांगा, काल हितवर गवत हुतं." "मॅडम, त्याला इचारा, ढेकूळ हिकडं कसं आलं." दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर आणि मी मधे निरोप्या. फलटणचे डॉक्टर तपासायला यायचे, त्यांनी तात्यांचा रक्तदाब वाढलेला बघून सांगितलं, की या दोघांना लांब ठेवा. डॉक्टरांचं ऐकून मी आबांना पाण्याच्या टाकीकडचा वाफा दिला. भांडण थांबलं. दोघांचीही भाकरी अर्ध्यावर आली. आबा नव्या वाफ्यात काही लावीनात, तात्या सकाळी उशिरा उठायला लागले. शेवटी बायजाक्का मला येऊन म्हणाली, "त्यास्नी भांडू दे की, पोरी. आता त्यांच्याकडं दुसरं काय ऱ्हायलंय?" मी आबांना जुना वाफा परत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरडा ऐकून मी अंथरुणातच हसले. डॉक्टरांना सांगितलं, की तुम्ही रक्तदाबाची गोळी वाढवा, बाकीचं आम्ही बघतो.

आता खऱ्या संकटाकडे येते. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणजे फलटणकडचे मोठे बागायतदार. आईच्या नावानं त्यांनी हा आश्रम काढला. मनानं चांगला माणूस, पण एकदा ठरवलं की ठरवलं. एक दिवस फोन आला, की कुणी देणगीदार मिळाले आहेत, मागच्या जागेत लॉन करायचं, कारंजं बसवायचं, बाकडी टाकायची. मी वाफ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, उद्या चिखलात घसरून कुणी पडलं म्हणजे? पोरं आपल्याला धरतील. आन म्हातारपणी राबायचं कशाला? आयुष्यभर राबलेत, बसू दे की आता बिचाऱ्यांना निवांत."

मी खूप सांगितलं. तात्या कसे होते आणि कसे झाले, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण संस्था भावनेवर चालत नाही म्हणाले. येत्या रविवारी कंत्राटदाराला घेऊन आखणी करायला येतो, तोवर वाफे रिकामे करून ठेवा, असा निरोप. पगारी माणूस मी, अध्यक्षांपुढे आणखी किती बोलणार? फोन ठेवला आणि मला रडू आलं. लॉनवर माझा राग नव्हता. पण वाफा गेला की तात्या परत भिंतीकडे वळणार हे मला दिसत होतं, आणि या खेपेला ते भिंतीकडे वळले की परत फिरणार नाहीत, हेही कळत होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तेवढं कळायला लागतं.

संध्याकाळी मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगून टाकलं. आयुष्यात जमिनी गेलेली माणसं ती, कुणाची धरणात, कुणाची रस्त्यात, कुणाची वाटण्यांत. त्यांना ते नवीन नव्हतं. तात्या उठले, खोलीत गेले आणि जेवायला आले नाहीत. आबांनी दोनदा विचारलं, "त्यो जेवला का?" बायजाक्कानं मला एवढंच विचारलं, की भाऊसाहेब शेतकरी आहे का नुसताच पुढारी? मी म्हटलं, शेतकरीच, अजून बांधाबांधानं फिरून ऊस बघतो. ती म्हणाली, "मग हुईल काय तरी."

रविवारी सकाळी भाऊसाहेबांची गाडी आली. सोबत कंत्राटदार, त्याच्या हातात मोजायची लांब टेप आणि चुन्याची पिशवी. वाफे काही रिकामे झाले नव्हते, मला ते करवलंच नाही. बोलणी खायची तयारी ठेवून मी पुढे झाले. तेवढ्यात इमारतीमागून असा कल्ला ऐकू आला, की भाऊसाहेब दचकून थांबले. नेहमीच्या भांडणासारखं ते नव्हतं. आम्ही पळतच गेलो.

तात्या आणि आबा बांधाच्या दोन बाजूंना, दोघांच्या हातात खुरपी. तात्या लालबुंद. कोपऱ्यातली हद्दीची खुंटी वीतभर सरकली होती. तात्या म्हणत होते, त्यानं सरकवली. आबा म्हणत होते, मी सरकवली असती तर माझ्याकडं कशाला सरकवली असती, माझाच वाफा कमी झालाय, डोळं फुटलं का ह्याचं? खुंटी खरंच आबांच्या वाफ्यात घुसली होती. मग तात्या म्हणाले, हा माझ्यावर आळ आणायला केलेला डाव आहे, फौजेत शिकून आलाय. सगळी म्हातारी मंडळी गोल करून उभी आणि निम्मी इकडे, निम्मी तिकडे.

"थांबा, थांबा!" भाऊसाहेब पुढे झाले. दोघं थांबले. बायजाक्का म्हणाली, बरं झालं साहेब आलं, तुमीच न्याय करा, तुमी म्हणाल ती हद्द. तात्यांनी मान हलवली. आबांनीही हलवली.

आणि मग मी काय बघितलं! भाऊसाहेबांनी बूट काढले. वाफ्यात उतरले, उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून बांधाच्या सरळ रेषेत बघायला लागले. उगवतीकडची खूण कोणती? गुरुजी असताना खुंटी कुठे होती? पाणी कुठून कुठे वाहतं? एकेकाला बोलवून विचारत होते. कोर्टातल्या जज्जानं एवढी चौकशी केली नसेल. मग त्यांनी कंत्राटदाराला हाक मारली आणि लॉन मोजायला आणलेली टेप बांधावर धरायला लावली. तो बिचारा चिखलात बूट बुडवून टेप धरून उभा. मापं झाली, भाऊसाहेबांनी दोनदा तपासून बघितली. ऊन चढलं तरी त्यांना भान नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतः खुंटी उपटली, जुन्या जागी ठोकली, बांध मुठीभर रुंद करून घेतला आणि निकाल दिला, की हाच बांध, इथून पुढं कुणी कोरायचा नाही. बायजाक्कानं नारळ आणून ठेवलाच होता. तो त्यांनी खुंटीपाशी फोडला. खोबरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी मनासारखं काम झाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

कंत्राटदार हळूच म्हणाला, "साहेब, लॉनची आखणी कुठनं धरू?"

भाऊसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग खुंटीकडे, मग हातातल्या खोबऱ्याकडे. आणि बायजाक्का अगदी गरीब तोंड करून म्हणाली, "न्याय केल्याला बांध त्याच पंचानं मोडायचा असतुया व्हय, साहेब? आमी आपली मेंढरं राखणारी माणसं, आमाला ठावं न्हाई."

भाऊसाहेब आधी रागावले, ते मला दिसलं. मग हसू फुटलं. मग बांधावर बसून डोळे पुसत हसले. म्हणाले, "न्हाई मोडत, आक्का. नारळ फोडलाय मी. ही गोष्ट माझ्या गावात कळली तर पुन्यांदा मला कुणी न्यायाला बोलवणार न्हाई." लॉन पुढच्या अंगणात करायचं ठरलं. मागच्या वाफ्यांच्या कडेनं धरायला लोखंडी कठडा आणि चालायला फरशीची वाट करा, म्हणजे कुणी घसरणार नाही, असं त्यांनीच कंत्राटदाराला सांगितलं. ते मला आधीच सुचायला हवं होतं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. केक कापताना वाजवतात तसल्या नव्हेत. खुरपी, काठ्या, झाऱ्या, हातात जे होतं ते आपटून वाजवल्या.

खुंटी कुणी सरकवली, ते मी बायजाक्काला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. ती म्हणाली, तिनंच, पहाटे. साऱ्या जन्मात शेतकऱ्यांची बोलणी तिनं बांधावर उभं राहूनच खाल्ली. बांधाचं भांडण दिसलं की शेतकऱ्याला तसंच पुढं जाता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी तिच्या पाया पडले. तिनं मला चहा बाहेर न्यायला सांगितलं.

चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा भाऊसाहेब अजून बांधावरच बसून होते, एका अंगाला तात्या, दुसऱ्या अंगाला आबा. भाऊसाहेब चेष्टेच्या मूडमध्ये होते. म्हणाले, "तात्या, हद्द तर पक्की झाली. आता तुमच्या माघारी वाफा कुणाला? पोरांच्या नावावर लावायचा का?" खरं म्हणजे नवीन माणसाला द्यायचा, असा नियम होता. पण पंचानं विचारलं होतं.

तात्या कपातल्या चहाकडे बघत राहिले. पोरं म्हणजे चांगली आहेत, म्हणाले, पण त्यांना मेथी कुठली आणि लसूणघास कुठला ते कळायचं नाही. मग म्हणाले, "ह्याला द्या."

"कुणाला?"

"ह्याला. आबाला. बांध कुठवर हाय ते त्या एकट्यालाच ठावं हाय."

आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि टेकडीकडे बघत मला म्हणाले, "मॅडम, त्याला सांगा, त्याचा वाफा घ्यायला मी ऱ्हातोय कशाला? मी त्याच्या आदी जाणार हाय. माझा बी त्यालाच द्या."

मी सांगायच्या आत तात्या वळले. सगळी हयात टाळलेल्या त्या तोंडाकडे त्यांनी सरळ बघितलं.

"बघतोच मी," ते म्हणाले, "कसा जातूस ते."